आमच्या गल्लीची साखर

माझी शाळा दुसरीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. तेव्हा इथं ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावं, मला सांगायला येऊ नये. जन्मभर जबलपुरात मिठाईच्या भट्टीवर उभा राहिलो, खव्याची जिलेबी काढली, आणि माझ्या जिलेबीत कोणी खोट काढली नाही. लिहिण्यात काढतील तर काढोत बापडे.

गोष्ट आहे ती त्या दुपारची, जेव्हा आमच्या घमापुरातल्या गल्लीत शुगर तपासायची मशीन आली आणि अख्खी गल्ली, मशीन घेऊन आलेल्या नर्सबाईसकट, मरायला टेकली. आजही आठवलं की मी एकटाच हसत बसतो आणि बायको विचारते, "काहून हसून राहिले?" पण त्या हसण्याच्या मुळाशी एक काळजी होती आणि ती या बायकोचीच होती. तेव्हा तिथूनच सुरू करतो.

बायको सदरला, म्हणजे छावणीकडच्या बंगल्यांच्या भागात, एका घरी स्वयंपाक करते. रिटायर झालेल्या फौजी साहेबांचं घर. साहेब गेले, आता मॅडम एकट्या. बाई चांगल्या आहेत. त्यांना शुगर आहे. रोज सकाळी टेबलाशी बसून त्या बोटाला सुई टोचतात, मशीन आकडा दाखवते, मॅडम तो मोठ्यानं वाचतात आणि माझी बायको त्या आकड्यावर पोळ्या लाटते. आकडा शहाण्यासारखा आला तर दोन, चढला तर एक, फारच चढला तर नुसती कारल्याची भाजी, आणि मग मॅडमचं तोंडही त्या भाजीसारखं. कितीतरी वर्षं बायको त्या मशीनपासून हातभर अंतरावर उभी आहे. पण तिचं बोट त्या मशीनला कधी लागलं नाही. मॅडम नाही म्हणाल्या असं नव्हे. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. तिच्या नाही, माझ्याही नाही.

माझ्या डोक्यात आलं ते चपलेमुळं.

उन्हाळ्याचे दिवस. बायको कामावरून घरी आली ती एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी. मागून भाजीवाला धापा टाकत आला, हातात तिची चप्पल. "अम्मा, नुक्कड़ पर छूट गई थी. आवाज दे-देकर गला बैठ गया."

"मले समजलंच नाही," असं म्हणून ती हसली. भाजीवाला हसला, मीही हसलो. मग तो गेल्यावर मी बाहेर जाऊन डांबरावर पाय ठेवून पाहिला आणि उडी मारून आत आलो. त्या डांबरावरून ही बाई नुक्कडापासून चालत आली आणि हिला कळलं नाही. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. माठ दुपारीच रिकामा व्हायचा. सुईत दोरा ओवायला ती शेजारणीकडे जायला लागली होती. पहिल्यानं वाटलं होतं, गप्पा मारायला जाते.

"तुले शुगर असन," मी म्हटलं.

"शुगर मोठ्या लोकांले होते. आपल्याले कायची शुगर? वय झालं."

"चाल दवाखान्यात."

"दिवस मोडते."

हे तिचं शेवटचं उत्तर. मोठ्या दवाखान्यात सकाळी चिठ्ठीच्या लाईनीत लागलं की दुपार तिथंच जाते, आणि रिपोर्टासाठी परत दुसरा दिवस. मी हट्टी आहे हे सगळ्या घमापुराला माहीत आहे. पण मी कुणाच्या तालमीत हट्टी झालो, ते कुणाला माहीत नाही.

तेवढ्यात कळलं की सदरला फुकट तपासणीचं शिबिर आहे. बंगल्यातून सुटून ती तिथंच येईल, दिवस मोडणार नाही, म्हणून मी ऑटो करून गेलो. मोठा मंडप, कूलर, खुर्च्यांना पांढरे झगे. लाईनीत आमच्या पुढं एक साहेब होते. त्यांच्या पुढच्या साहेबांना ते सांगत होते, "परसों वाले कैंप में एक सौ अठारह थी, क्लब में एक सौ बाईस. देखें, आज क्या बोलती है." दुसरे म्हणाले, "मेरी तो कल ही हुई है. पर आए हैं तो चलो, बीपी भी नपवा लेते हैं." क्रिकेटचा स्कोर सांगावा तसं चाललं होतं.

आमची पाळी आली. टेबलावरची मुलगी म्हणाली, "अंकल, कौन सी कॉलोनी?"

"घमापुर."

"अंकल, ये यहाँ की कॉलोनी वालों का है. आपके मोहल्ले में अलग से लगेगा."

"कब लगेगा?"

"लगेगा ना, अंकल."

इतकं गोड बोलली की भांडताही येईना. बायको कोपरानं ढोसत होती, चला, चला. मी वळून पाहिलं तर साहेबांनी बोट पुढं केलं होतं आणि नर्स त्या बोटावर जागा शोधत होती. राग आला, पण खरं सांगतो, हसूही आलं. ज्याच्या बोटाला टोचायला जागा उरली नाही त्याला आणखी एक भोक, आणि जिचं बोट कोरंच आहे ती आपली घरी.

आमच्या भागाचा छोटा सरकारी दवाखाना ओमती नाल्याच्या अंगाला आहे. दुसऱ्या दिवशी मी तिथं जाऊन उभा राहिलो. तिथली नर्स माझ्या नातीच्या वयाची, पण तिला सगळे दीदी म्हणतात म्हणून मीही दीदीच म्हटलं. विचारलं, आमच्या गल्लीत मशीन काहून येत नाही?

"बाबा, हम तो आए थे. ग्यारह बजे. कोई मिला ही नहीं. ऊपर लिखकर भेज दिया कि लोग रुचि नहीं लेते."

"दीदी, ग्यारह बजे हमारी गली में बकरी मिलती है. आदमी भट्टी पर, औरतें बंगलों पर. बकरी की ही नाप लेतीं."

ती हसली. "तो इतवार को आ जाएँ?"

"इतवार को तो मिठाई सबसे ज्यादा बिकती है. उस दिन आदमी घर में नहाने भी नहीं आता."

"फिर कब, बाबा?"

"तीन बजे."

आमच्या गल्लीचं घड्याळच तसं आहे. जिलेबीची भट्टी दुपारपर्यंत आटोपते, समोशाची कढई संध्याकाळी चढते. मॅडम लोक जेवून झोपतात तेव्हा बाया घरी येऊन आपलं धुणं उरकतात. तीन वाजता अख्खी गल्ली अर्धा-एक तास जागेवर असते. पण दीदीची तीनची वेळ रजिस्टरं भरायची. तसा नियमच होता. मी म्हटलं ठीक आहे, मी बसतो.

आणि बसलो. त्या दवाखान्यात पंखा एकच, आणि त्याच्या खाली बाक एकच. मी रोज डबा घेऊन जायचो आणि त्या बाकावर मधोमध बसायचो. कोणी विचारलं, "बाबा, क्या तकलीफ है?" तर मी म्हणायचो, "तीन बजे." शेवटी दीदी कंबरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "बाबा, आप मेरी पूरी हवा खा गए. चलो, आती हूँ तीन बजे. रजिस्टर रात को घर पर भर लूँगी."

गल्लीत मी छाती काढून सांगितलं की मशीन मी आणली, मोहल्ल्याच्या हक्कासाठी आणली. बायकोचं नाव नाही काढलं. बायकोसाठी दवाखान्याच्या बाकावर बसणारा म्हातारा असं एकदा झालं असतं तर भट्टीवरच्या लोकांनी माझं जगणं कठीण केलं असतं. बायकोलाही तेच सांगितलं, कारण तिच्यासाठी म्हटलं असतं तर ती बंगल्यातून आलीच नसती.

पण गल्लीचं काम म्हटल्यावर बाई हरखून गेली. आमच्यात कोणी परीक्षेला निघालं, कोर्टात निघालं, की त्याच्या हातावर दही-साखर ठेवतात. गल्ली सगळी हिंदी बोलणारी, पण इतक्या वर्षांत तिच्या दही-साखरेवाचून तिथलं एक पोर बोर्डाच्या पेपराला गेलेलं नाही. आज तर सगळ्यांचीच परीक्षा. आदल्या दिवशीच तिनं मोठ्या पातेल्यात दही लावून ठेवलं.

तीन वाजता दीदी आली. आमच्या दारात खाट टाकली, तिच्यावर चादर. बायको पातेलं घेऊन उभी, येईल त्याच्या तळहातावर चमचाभर दही-साखर. लोक हात चाटत लाईनीत लागले. कारागीर तर भट्टीवरून सरळ आलेले, बोटांना पाक. दीदी म्हणाली, मला नको, तर बायको म्हणाली, "ऐसा नहीं चलता, बेटी. शगुन है." दीदीनंही चाटलं.

आधी ब्लड प्रेशर. पहिला नंबर माझा, कारण मशीन माझी. दीदीनं दंडाला पट्टा बांधला. "बाबा, चुप रहो. बोलने से बढ़ता है."

"मैं तो चुप हूँ. ये लोग बोल रहे हैं."

एकशे ऐंशी निघालं. दीदी म्हणाली, बहुत है. मी म्हटलं, गुस्से का है.

"किस पर गुस्सा, बाबा?"

"इस पट्टे पर. इतना कसके कोई बाँधता है?"

गल्ली हसली, दीदीनं कागदावर माझा आकडा लिहिला. मग शुगर. पहिला पुढं आला आमच्या शेजारचा समोसेवाला कारागीर. सहा फूट उंच माणूस, उकळत्या तेलात हात घालतो की काय असं वाटतं, पण सुई पाहिल्याबरोबर डोळे मिटून हनुमानाचं नाव घ्यायला लागला. दीदीनं स्पिरिटचा बोळा फिरवला, टोचलं, मशीनला रक्त दिलं. चारशे बारा.

दीदीचं तोंड उतरलं. दुसरी आली इस्त्रीवाली. तीनशे नव्वद. तिचा नवरा, चारशेच्या वर. त्याच्या मागं पेढेवाला, तीनशे साठ. मग गल्ली अशी बोलायला लागली की विचारू नका. समोसेवाला खाटेच्या काठावर बसून आपली इस्टेट वाटायला लागला. "साइकिल छोटे को दे देना. मोबाइल में पंद्रह दिन का रिचार्ज बाकी है, वो भी छोटे को." पेढेवाला म्हणाला, "और जो मेरा छाता तेरे पास है?" तो म्हणाला, "मरते आदमी से छाता माँगता है?"

दीदीनं घाबरून डॉक्टरांना फोन लावला. "सर, पूरी गली साढ़े तीन सौ के ऊपर है." पलीकडून डॉक्टर म्हणाले, मशीन बिघडली असेल, आधी आपली स्वतःची करून पाहा. तिनं आपल्या बोटाला टोचलं. तीनशे चाळीस.

पोरगी मटकन खाटेवर बसली. "बाबा, मेरी तो अभी शादी तय हुई है."

समोसेवाल्यानं तिला पाण्याचा ग्लास दिला. "घबराओ मत, दीदी. हम सब साथ में हैं."

माझ्या बायकोला तर भरून आलं. "अवं माय, लेकरू घाबरलं," असं म्हणत ती पातेलं घेऊन पुढं झाली आणि धीर द्यायला म्हणून तिनं दीदीच्या तळहातावर आणखी एक चमचा दही-साखर ठेवली.

दीदीनं तळहाताकडं पाहिलं. पातेल्याकडं पाहिलं. मग लाईनीत बोटं चोखत उभ्या असलेल्या आमच्या सगळ्यांकडं पाहिलं.

"अम्मा, ये सबको दिया?"

"सबको दिया. इस लंबे वाले को दो बार."

"मैंने तो स्पिरिट से पोंछा था," दीदी पुटपुटली. पण आमच्या हातांवर जन्मभराचा पाक, वरून दही-साखर, तिथं बिचारा एक बोळा काय करणार? रक्ताच्या थेंबात बोटावरचीच साखर उतरत होती. मशीन खरंच सांगत होती, फक्त आतलं नाही, बाहेरचं.

मग जी धमाल उडाली. आमच्या पाण्याच्या ड्रमाशी गल्ली लोटली. साबणाची एक वडी आणि पंचवीस हात. एकमेकांच्या अंगावर पाणी, म्हाताऱ्या बायासुद्धा पोरींसारख्या खिदळायला लागल्या. दीदी स्वतः कोपरापर्यंत हात धुऊन आली. परत टोचलं तर समोसेवाला एकशे चार. इस्त्रीवाली एकशे अठरा. दीदी पंच्याण्णव, तिचं लग्न वाचलं. पेढेवाल्याची मात्र धुतल्या हातानंही दोनशेच्या वर निघाली. त्याला दीदीनं दवाखान्यात बोलावलं, तरी तो खूश, म्हणाला, तीन सौ साठ से तो कम है. समोसेवाल्यानं सायकल परत घेतली, छत्री मात्र दिली नाही.

या गडबडीत एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. माझ्या आली. मशीनमध्ये घालायच्या पट्ट्या एकाच माणसावर दोन-दोन उडत होत्या, आणि बायको प्रत्येकाला पुढं ढकलत होती. "पहले तुम, पहले तुम." पाहुण्यांना वाढून मग आपण बसायचं, तसं. दीदीनं डबी उलटी केली. एक पट्टी पडली.

"बाबा, एक ही बची है. आपकी कर देती हूँ. आप ही तो लाए हो सबको."

"इनकी ही करो," बायको म्हणाली. "मले काही नाही झालं."

गल्लीही म्हणायला लागली, हाँ हाँ, बाबा की, बाबा की. आता माझी पंचाईत. इतके दिवस मोहल्ल्याचा हक्क म्हणून मिरवलो. आता तोंडानं म्हणायचं की हिची करा, तर सगळं उघडं पडतं. न म्हणावं तर ज्या कोऱ्या बोटासाठी पंख्याखाली बसलो, ते बोट कोरंच राहतं, आणि परत तीन वाजता कोण कधी येणार?

शेवटी मी पुढं झालो. बायकोच्या हातातलं पातेलं काढून समोसेवाल्याच्या हातात दिलं, तिचं मनगट धरलं आणि तिला ड्रमापाशी नेलं. इतक्या वर्षांच्या संसारात चारचौघांत मी तिचा हात धरला नव्हता. कोणीतरी शिट्टी मारली. ती पुटपुटत होती, "लोक पाहून राहिले. सोडा ना." मी तिचा हात साबणानं धुतला. तळहात, बोटं, नखांच्या कडा, कढई घासतो तसा. स्वच्छ पाण्यानं धुतला. माझ्या धोतराच्या सोग्यानं पुसला आणि दीदीपुढं धरला.

"इसकी करो."

"बाबा, अब समझी मैं," दीदी म्हणाली आणि हसत हसत टोचलं.

तीनशे शहाऐंशी.

गल्ली फुटलीच. "अम्मा, सबसे ज्यादा दही तो तुमने ही खाया." समोसेवाला पातेलं दाखवून म्हणाला, "देखो, चाटकर साफ कर दिया." बायकोही हसत होती. दीदी अर्धवट हसली आणि मग माझ्याकडं पाहिलं. "हाथ अच्छे से धुले थे ना, बाबा?"

मी नुसती मान हलवली. तिनं दह्याला हात लावला नव्हता, वाढणारी कधी आधी खात नाही. आणि हात मीच धुतला होता. दीदीनं कागदावर काहीतरी लिहून माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली, "कल सुबह, बड़े अस्पताल, खाली पेट. आप दोनों."

संध्याकाळी बायको पातेलं घासत होती. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "मशीन माझ्यासाठी आणली होती काय?"

"गल्लीसाठी."

"हो. गल्लीसाठी माझा हात धुतला."

मग तिनं पातेलं पालथं घातलं आणि फोन घेऊन मॅडमना सांगितलं की उद्या येणार नाही. काहून ते सांगितलं. मॅडमचा आवाज मला खाटेवर ऐकू येत होता. "अरे, मशीन तो यहीं टेबल पर पड़ी रहती है." मग म्हणाल्या, "परसों भी मत आना. अच्छे से दिखाओ. पैसे नहीं कटेंगे."

"आणि पोळ्या?" बायकोनं फोन ठेवून मला विचारलं.

"दोन दिवस त्या स्वतः लाटतील. हाताला व्यायाम."

दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात लाईन होती तशीच होती. मी लाईनीत भांडलो, बायकोनं मला गप्प केलं. रक्त घेतलं, त्याचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशीचा, पण दीदीचा कागद पाहून त्यांनी लगेच डोळ्यांत दिवा मारून पाहिलं, पायाला टोचून विचारलं की कळतंय का. डॉक्टर जवान होता. कागदावर लिहिता लिहिता म्हणाला, "अम्मा, कब से है शुगर?"

ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "साहब, देखा ही कल है. कब से है, ये कौन बताए?"

त्यानं पेन थांबवलं. मग म्हणाला की डोळ्यांवर थोडा परिणाम झाला आहे, पायांवर झाला आहे, पण आता गोळ्या सुरू केल्या आणि नेमानं घेतल्या तर नजर राहील. नजर राहील, एवढंच मला ऐकू आलं. मी ते दोनदा म्हणवून घेतलं. तोवर दुसऱ्या टेबलावर माझ्या दंडाला परत पट्टा बांधला, आणि रागाचं कारण या वेळी कोणी ऐकलं नाही. मलाही गोळी लागली.

बाहेर आलो तर मला पाय जमिनीवर ठेवता येईना, इतका आनंद. दोघं उपाशी. फाटकाशी हातगाडी होती, पोहे सांगितले, चहा सांगितला. मी म्हटलं, एक बिना शक्कर.

"बाबा, सब एक साथ उबला है," चहावाला म्हणाला. "बिना शक्कर किसी को नहीं मिलता यहाँ."

"तो अलग चढ़ाओ."

"एक कप के लिए?"

"एक कप के लिए. मैं खड़ा हूँ."

मागं लोक खोळंबले. बायको माझी बाही ओढत होती. चहावाल्यानं माझ्याकडं पाहिलं, सुस्कारा टाकला आणि छोटं भांडं चढवलं. तिनं कप घेतला, एक घोट प्याली आणि असं तोंड केलं की पोहे खाणारे सगळे हसले.

"याले चहा म्हणते?" ती म्हणाली, आणि कप खाली न ठेवता सगळा पिऊन टाकला.